कॅमेरा तोच, पगार वेगळा का?

रत्नागिरी, राजापूर, दापोलीकडच्या आपल्या कित्येक घरांतलं कुणी ना कुणी आखातात आहे. आता आपली काही मुलं-मुली कॅमेरा, एडिटिंग, साउंड शिकतायत. साहजिकच घरात विचारणा होते, दोहा-दुबईच्या चॅनेलात पगार किती? आकडा ऐकण्याआधी तो ठरतो कसा, ते बघू.

पहिली गोष्ट, पैसा येतो कुठून. बीबीसी ब्रिटनमध्ये घरोघरच्या लायसन्स फीवर चालते. १९९६ साली सुरू झालेल्या अल जझीराच्या मागे कतार सरकारचा पैसा आहे. आपल्याकडची खासगी चॅनेलं मुख्यतः जाहिरातींवर जगतात. जाहिरात घटली की पहिली कात्री पगाराला. आकाशवाणीवरच्या नैमित्तिक निवेदकांना तर महिन्याचा पगार नसतो, ड्युटीमागे मानधन मिळतं.

दुसरी गोष्ट, कायदा. आपल्याकडचा १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा आणि त्याखालचे वेतन आयोग वृत्तपत्रं व वृत्तसंस्थांपुरते होते. टीव्हीवाले बाहेरच राहिले. २०२० च्या कामगार संहितेत पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमं आली. ब्रिटनमध्ये समान कामाला समान वेतनाचा कायदा आहे. त्याच्याच जोरावर निवेदिका समीरा अहमद यांनी बीबीसीविरुद्धचा दावा जानेवारी २०२० मध्ये जिंकला. त्यांना एका भागाचे ४४० पौंड मिळत, तशाच कार्यक्रमाच्या पुरुष निवेदकाला ३,००० पौंड मिळाले होते.

तिसरी गोष्ट, हातात काय उरतं. यूएई आणि कतारमध्ये पगारावर आयकर नाही, हे खरं. पण घरभाडं कुणाचं, ते आधी विचारा. आणि 'बेसिक' किती, हेही. यूएईत पहिल्या पाच वर्षांची ग्रॅच्युइटी दर वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकवर मिळते. समजा दोन ऑफर आहेत, दोन्ही ६,००० दिरहमच्या. एकीत बेसिक ४,००० असेल तर वर्षाचे २,८०० दिरहम जमतात. दुसरीत २,४०० असेल तर फक्त १,६८०. पगार एकच, पण परतताना फरक पडतो.

म्हणून नुसतं रुपयांत गुणून खूश होऊ नका. ऑफर लेटर लेखी घ्या. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा. त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, मग बघू' असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे गुन्हा आहे, आणि अडकतो तो आपलाच मुलगा.