आग ‘अचानक’ लागत नाही

घरातल्या आगीची बातमी बहुधा दोन ठरलेल्या वाक्यांपैकी एकावर येऊन थांबते : ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ किंवा ‘सिलिंडरचा स्फोट’. दोन्हींत दोष वस्तूंच्या माथी जातो आणि माणसं सुटतात. खरं तर तापलेला प्लग, चिरा पडलेली नळी, जिन्यातली अडगळ हे सगळं घरच्यांच्या डोळ्यांदेखत असतं. आग लागल्यावरही पहिल्या मिनिटाला हात नेमका नको तिकडेच जातो. या दोन्हींमागे काही घट्ट बसलेले समज आहेत.

गैरसमज : सिलिंडर म्हणजे घरात ठेवलेला बॉम्ब.

वस्तुस्थिती : १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर पोलादी असतं. ते आपणहून फुटणं फार विरळा. स्फोट म्हणून जे छापून येतं, तो पुष्कळदा नळीतून किंवा रेग्युलेटरच्या जोडातून गळून खोलीत साठलेल्या गॅसचा भडका असतो. हवेत हा गॅस साधारण दोन टक्के झाला तरी पेट घ्यायला पुरतो. म्हणून धास्ती सिलिंडरची घ्यायची आणि नळी मात्र वर्षानुवर्षं तीच ठेवायची, हा उलटा कारभार झाला. आयएसआय चिन्हाची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी, आणि चिरा दिसल्या तर त्याआधीच. सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर ‘बी-२७’ असं काहीतरी रंगवलेलं असतं. त्याचा अर्थ, २०२७च्या एप्रिल ते जून या तिमाहीत त्याची पुढची चाचणी व्हायला हवी. ती मुदत उलटलेलं सिलिंडर दारातूनच परत पाठवा. गळतीची शंका आली तर जोडावर साबणाचा फेस लावून पाहा. बुडबुडे फुगू लागले की समजायचं. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजूनही भेटतात!

गैरसमज : गॅसचा वास आला की आधी एक्झॉस्ट फॅन लावावा.

वस्तुस्थिती : कुठलंही बटण दाबताना आत बारीक ठिणगी उडू शकते आणि साठलेल्या गॅसला तेवढी पुरते. लावायचं नाही तसं बंदही करायचं नाही. दिवा, पंखा, दारावरची बेल, कशालाच हात नको. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच १९०६ या गॅसगळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो ओट्याखाली, जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची झडप उघडून भागत नाही. मुंबई-पुण्यात पाइपने येणारा गॅस उलट हवेपेक्षा हलका. तो छताकडे जातो. तिथे वरची झडप कधीच बुजवू नये आणि वास आला तर पाइपवरचा कॉक बंद करावा. बटणांचा नियम दोन्हीकडे तोच.

गैरसमज : एमसीबी बसवला की विजेची काळजी मिटली. तो सारखा पडत असेल तर मोठा बसवून घ्यावा.

वस्तुस्थिती : एमसीबी भिंतीतल्या तारेला जपतो. तार सोळा अँपिअरची आणि एमसीबी बत्तीसचा, असं झालं तर तार जळेपर्यंत तो पडणारच नाही. वारंवार पडतोय म्हणजे भार जास्त आहे किंवा कुठेतरी दोष आहे; तो वायरमनकडून शोधून घ्यावा. शिवाय सैल जोडातली ठिणगी साध्या एमसीबीला कळतेच असं नाही. एक्स्टेंशन बोर्डचा हिशेब तर कुणीच करत नाही. हजार वॉटची इस्त्री आणि दीड हजार वॉटची किटली एकाच बोर्डवर लावली, तर सुमारे अकरा अँपिअर प्रवाह वाहतो. बोर्ड बहुधा सहाचा असतो. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. गिझर, एसी, इंडक्शन यांना भिंतीतला स्वतंत्र पॉवर पॉइंटच हवा. प्लग काढल्यावर पिन हाताला चटका देत असेल, सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी डाग पडला असेल किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल, तर तो सॉकेट त्याच दिवशी वापरातून काढा.

गैरसमज : आग कसलीही असो, पाणी मारावं.

वस्तुस्थिती : कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी हा सगळ्यांत वाईट उपाय. पाणी जड, ते तळाशी जातं, क्षणात वाफ होऊन सुमारे सतराशे पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. कढई उचलून मोरीकडे धावणंही तितकंच घातक. गॅस बंद करा, मोठं सपाट झाकण बाजूने सरकवत कढईवर ठेवा आणि ती गार होईपर्यंत झाकण उचलू नका. तेल पेटण्याआधी धुरकटतं. तो धूर दिसला की आच बंद करावी. पुऱ्या थांबतील, काही बिघडत नाही. विजेच्या उपकरणाने पेट घेतला तर आधी मेन स्विच बंद करायचा. चालू विजेवर पाणी टाकणाऱ्यालाच शॉक बसतो.

गैरसमज : देवापुढचा दिवा काही करत नाही.

वस्तुस्थिती : नवरात्रातला अखंड दिवा लाकडी देव्हाऱ्यात, पडद्याशेजारी तेवत असतो आणि घर झोपलेलं असतं. तेला-तुपाच्या वासाने उंदीर पेटती वातसुद्धा ओढून नेतात. समई परातीत ठेवावी, भोवती काच असावी, वर फळी नसावी. निरांजन हाताळताना नायलॉनचा पदर खोचून घ्यावा. तो पेटला तर वितळून कातडीला चिकटतो.

गैरसमज : रात्री आग लागली तर धुराच्या वासाने जाग येईलच.

वस्तुस्थिती : झोपेत वासाची जाणीव मंदावते आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. ज्वाळा पोचण्याआधी धूरच जीव घेतो. बॅटरीवर चालणारा धूरसूचक छताला लावला तर तो जागं करतो. धूर वर चढतो, म्हणून खाली वाकून, रांगत बाहेर पडावं, जाताना मागचं दार ओढून घ्यावं आणि लिफ्टला हात लावू नये. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ लावावा.

गैरसमज : सोसायटीत लाल नळकांडी टांगलेली आहेत, आता चिंता नाही.

वस्तुस्थिती : महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ‘फॉर्म बी’ म्हणतात त्याला. येत्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या वादाआधी सेक्रेटरींकडे तो मागा. नळकांड्याच्या काट्याने हिरवा पट्टा सोडलाय का ते पाहा, आणि पिन कशी ओढायची हे घरात निदान दोघांना येऊ द्या. मग जिन्यातून एकदा गच्चीपर्यंत चढून या. वाटेतली चपलांची रॅक, कुंड्या, जुनी सायकल आणि गच्चीचं कुलूप यांतलं काय आपलं आहे, ते पाहून आधी आपलं हलवा. शेजाऱ्याला सांगायचा अधिकार त्यानंतर.