तेलाचा तवंग

आपल्या धाराशिवला समुद्र नाही. मग तेलगळतीशी आपला काय संबंध, असं मलाही वाटायचं. पण पावसात रस्त्यावरच्या डबक्यात इंद्रधनुष्याचे रंग दिसतात ना, तो तेलाचाच तवंग.

त्याचं मोठं रूप मुंबईनं पाहिलं. ७ ऑगस्ट २०१० रोजी बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि सुमारे ८०० टन तेल सांडलं. उरण, अलिबागकडचे किनारे काळवंडले. मासळीला गिऱ्हाईक मिळेना, कोळ्यांचे हाल झाले. तिवरांनीही फार सोसलं. तिवराची मुळं चिखलातून डोकं वर काढून श्वास घेतात. त्यांवर तेल बसलं की झाड गुदमरतं.

हे तेल काढतात कसं? ते तरंगतं, म्हणून आधी तरंगत्या नळ्यांचं कुंपण घालून अडवतात. मग दुधावरची साय काढावी तसं यंत्रानं वरचेवर काढून घेतात. पण पावसाळी समुद्र खवळलेला. लाटा तेल कुंपणापलीकडे नेतात. दुसरा उपाय रसायन फवारण्याचा. त्यानं तवंग फुटून बारीक थेंब पाण्यात मिसळतात. वरून पाणी स्वच्छ दिसतं, पण तेल गेलेलं नसतं. ते खाली माशांच्या पिलांपर्यंत पोचतं. तिसरा उपाय तेल खाणाऱ्या जिवाणूंचा. तो चांगला, पण सावकाशीचा. तिवरांत माणसं उतरवावीत, तर पायांखाली तेल चिखलात आणखी खोल रुततं. सांडायला क्षण पुरतो, निस्तरायला वर्षं जातात.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. तिथला मिस्त्री गाड्यांचं जळकं ऑइल नालीत ओतायचा. नाली ओढ्याला मिळते आणि ओढ्याकाठी लोकांचे आड आहेत. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी माणसं आपण! एकदा मी त्याला हटकलं. तो म्हणाला, ‘‘चाचा, एवढ्याशा तेलानं काय होतंय?’’

मी म्हणालो, ‘‘बेटा, जहाज एकदाच आपटलं. तू रोज ओततोस.’’

जळकं ऑइल शुद्ध करून पुन्हा वापरता येतं, हेही त्याला सांगितलं. आता तो ते पिंपात साठवतो आणि शुद्धीकरणासाठी नेणाऱ्याला देतो. तरी पहिला पाऊस पडला, की मी नालीच्या पाण्यावर रंग दिसतात का, ते पाहून येतो.