भात कापणीनंतरची रानवाट आणि नदी : शहरी पाहुण्यांसाठी एक दिवसाचा सुरक्षित कार्यक्रम



ठाणे जिल्ह्यातील शहापूर, मुरबाड, अंबरनाथ आणि कल्याण तालुक्यांच्या ग्रामीण भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाताची कापणी, झोडणी उरकते. ओलावा टिकून असलेल्या शेतात वाल टाकला जातो, विहिरीचे पाणी असेल तेथे भेंडी, काकडी होते. बाकीची खाचरे पुढील पावसापर्यंत मोकळी राहतात. याच काळात अनेक कातकरी कुटुंबे गावाबाहेर वीटभट्ट्यांवर जातात आणि ठाणे, डोंबिवली, कल्याणची मंडळी मात्र रान आणि नदी पाहण्यासाठी गावाकडे येऊ लागतात. आसनगाव, वासिंद, खडवली, टिटवाळा, बदलापूर, वांगणी ही स्थानके लोकलवर आहेत. मुरबाडला कल्याणहून एसटी आहे. म्हणजे गिऱ्हाईक दारात आहे, हातही मोकळे आहेत. अशा वेळी जमिनीचा तुकडा विकण्याऐवजी त्याच जमिनीवर, सकाळी रानातील पायवाट, मग नदीत वल्ह्याची होडी आणि दुपारी घरचे जेवण, असा दिवसभराचा कार्यक्रम जोडधंदा म्हणून करता येईल.

मात्र हा धंदा कोंबडीपालनासारखा नाही. तेथे चूक झाली तर पक्षी मरतात, येथे चूक झाली तर माणूस बुडतो. म्हणून या लेखात नफ्यापेक्षा काळजीला अधिक जागा दिली आहे.

परवानगी प्रथम

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. शेतावर पाहुणे ठेवणे हा कृषी पर्यटनाचा भाग आहे. रानातील चढाई आणि नदीतील होडी हे साहसी उपक्रमात येतात. दोन्हींची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करावी लागते. पायवाट वनजमिनीतून जात असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी आणि गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीला विश्वासात घ्यावे. तानसा अभयारण्य किंवा येऊरच्या बाजूचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान येथे नियम अधिक कडक आहेत, तेथे आपल्या मनाने वाट काढू नये. नदीपात्र आणि बंधारा ज्या खात्याकडे आहे त्यांचीही संमती घ्यावी. पिण्याच्या पाण्याच्या धरणाच्या जलाशयात होडी घालण्याचा विचारच करू नये.

पाहुण्यांकडून संमतीपत्र लिहून घेतले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. संमतीपत्र घ्यावेच, पण त्यासोबत विमाही उतरवावा.

हंगाम कोणता धरावा

नदीतील कार्यक्रम पाऊस पूर्ण थांबून पाणी निवळल्यावर, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ठेवावा. पावसाळ्यात नवशिक्यांना नदीत उतरवू नये. उल्हास, काळू, भातसा या नद्यांना सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी येते. आपल्या शेतावर ऊन असले तरी घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असेल तर काही तासांत पूर येतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले, हे आपणास आठवत असेल. जे पाणी रेल्वेगाडी अडवते, त्यापुढे दहा फुटी होडीचा काय पाड?

भातसा नदीची गोष्ट थोडी वेगळी आहे. मुंबईसाठी धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातूनच पिसे बंधाऱ्यापर्यंत जाते. त्यामुळे उन्हाळ्यातही पात्र वाहते राहते, पण धरणातून सोडलेल्या पाण्यानुसार पातळी बदलू शकते. अशा नदीवर कार्यक्रम करावयाचा असल्यास पाटबंधारे कर्मचाऱ्यांशी रोज सकाळी बोलणे झालेच पाहिजे. रायगड जिल्ह्यात कोलाड येथे कुंडलिका नदीवर जो वेगवान होडीचा खेळ चालतो, तो भिरा येथील वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर चालतो. तेथे खळाळते पाणी आणि तयार प्रशिक्षक आहेत. आपण त्याची नक्कल करू नये. आपल्यासाठी संथ डोह हवा.

नदीची जागा कशी निवडावी

१. पाण्याचा वेग मोजावा. पाटातील पाणी मोजण्याची तरंगत्या वस्तूची पद्धत आपणास ठाऊक आहे, तीच येथे वापरावी. काठावर ३० मीटर अंतर मोजून दोन खुंट्या ठोकाव्यात आणि सुका नारळ मुख्य धारेत सोडावा. ३० मीटर जाण्यास ६० सेकंद लागले तर वेग ताशी १.८ कि.मी. झाला, ३० सेकंद लागले तर ताशी ३.६ कि.मी. नवशिक्या माणूस ताशी ४ कि.मी.च्या आसपास वल्हवतो. म्हणजे पहिल्या पाण्यात तो उलट दिशेने ताशी दोन कि.मी. तरी जाईल, दुसऱ्यात जागच्या जागी राहील आणि थकला की वाहत जाईल. यासाठी नारळाला ६० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर त्या दिवशी होड्या काठावरच ठेवाव्यात. मापन तीन वेळा करून सर्वांत कमी वेळ धरावा.

२. बंधाऱ्यापासून दूर राहावे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पातळ थर पडताना दिसतो आणि निरुपद्रवी वाटतो. पण खाली पडलेले पाणी तळाला आपटून वर येते आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडेच वळते. या भोवऱ्यात सापडलेली व्यक्ती बाहेर फेकली न जाता तेथेच गोल फिरत राहते. पट्टीचा पोहणाराही यातून सुटेलच असे नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगालाही धोका आहे, कारण होडी पाण्याबरोबर मोऱ्यांकडे ओढली जाते. बंधाऱ्याच्या अलीकडे किमान २०० मीटरवर दोरीला रंगीत डबे बांधून हद्द घालावी.

३. मोटारी पाहाव्यात. काठाने उपसा सिंचनाच्या मोटारी असतात. लोंबणारी वायर, उघडा जोड, पाण्यातील फूटव्हॉल्व्ह आणि त्याच्या दोऱ्या पाहून घ्याव्यात. कार्यक्रमाच्या वेळेत त्या पट्ट्यातील मोटारी बंद ठेवण्याबद्दल शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवावे. मासेमारीची जाळीही विचारून घ्यावीत. कोळी बांधवांचे नुकसान करून आपला धंदा चालणार नाही.

४. पाणी स्वच्छ असावे. कल्याणजवळ उल्हास नदीला वालधुनीचे सांडपाणी मिळते आणि काही भागात जलपर्णी माजते. जलपर्णीत वल्हे अडकते आणि उलटलेला माणूस वर येताना गुंततो. असा पट्टा सोडून द्यावा.

साहित्य

कयाक ही अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती होडी. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट शिकारी ती चामड्याची बनवीत. आज ती जाड प्लॅस्टिकची मिळते. नवशिक्यांसाठी वर उघडी बसण्याची रुंद कयाक घ्यावी. ती उलटली तरी माणूस आत अडकत नाही आणि तिच्यात पाणी साचत नाही.

प्रत्येकास लाइफ जॅकेट सक्तीचे. पोहता येणाऱ्यालाही सवलत नाही. जॅकेटचे पट्टे आवळल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढावे. जॅकेट कानापर्यंत सरकले तर ते सैल आहे. लहान मुलांना मोठ्यांचे जॅकेट घालू नये. याशिवाय १५ ते २० मीटरची फेकदोरी, शिट्टी, प्रथमोपचार पेटी आणि एक जादा वल्हे काठावर हाताशी ठेवावे.

दिवसाचे वेळापत्रक

सकाळी ७ ते ९.३० : रानवाट. नवशिक्यांसाठी ४ कि.मी. पुरे. सपाट रस्त्यावर माणूस ताशी ५ कि.मी. चालतो, पण रानात थांबत, पाहत ताशी दोन कि.मी.च धरावेत. दहा जणांमागे एक वाटाड्या पुढे आणि एक मागे असावा. मागच्याच्या मागे कोणी राहणार नाही, हा नियम पहिल्यांदाच सांगावा. वाटाड्या म्हणून गावातील ठाकूर, कातकरी तरुणांना ठरलेली रोजंदारी द्यावी. ऐन, साग, कुडा, मोह, काटेसावर ही झाडे त्यांच्याइतकी आपणासही ओळखता येत नाहीत. शेवळाची भाजी काकडाच्या फळाबरोबर का शिजवतात, तर घशाची खाज मोडण्यासाठी, ही माहिती शहरातील माणूस कान देऊन ऐकतो. त्या ज्ञानाला दाम मिळाला तर एखादे घर तरी वीटभट्टीवर जाण्याचे थांबेल.

सकाळी १० ते १२ : नदी. प्रथम अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यात सराव.

दुपारी १२.३० : जेवण. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, वालाचे बिरडे, भात. जेवणानंतर पाण्यात उतरणे नाही.

दुपारी ३ ते ४.३० : शिवारफेरी. वालाची शेते, गांडूळखत, भाताच्या कर्जत येथे विकसित झालेल्या जाती यांची माहिती द्यावी आणि तांदूळ, वाल, भाजी विकावी.

नदीचा कार्यक्रम बारापर्यंत संपवण्यास कारण आहे. आपल्याकडे दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटतो. आपल्या नद्या साधारण पश्चिमेकडे वाहतात, म्हणून प्रवाहाबरोबर परतताना हा वारा तोंडावर येतो आणि दमलेल्या माणसाची होडी आडवी होते. याच विचाराने प्रथम ताजेपणी प्रवाहाविरुद्ध जावे आणि परतताना प्रवाहाची मदत घ्यावी. एकूण अंतर जाऊन-येऊन दोन कि.मी. पुरेसे आहे.

वल्हवण्याची रीत

वल्हे खांद्यांपेक्षा थोड्या अधिक अंतरावर दोन्ही हातांनी धरावे. पाते पायाजवळ पाण्यात घालून कमरेपर्यंत ओढावे. जोर दंडांचा न लावता कंबरेतून वळून लावावा. कुदळ मारताना आपण अंगाचा झोक वापरतो, तसेच हे आहे. उजवीकडे वळायचे तर डाव्या बाजूस रुंद अर्धगोल ओढ द्यावी. थांबायचे तर पाते उलट ढकलावे. होडीत उभे राहू नये.

मागील हिवाळ्यात एका शेतकरी बंधूंच्या नदीवर मी स्वतः बसून पाहिले. पोहता येते या विश्वासावर मी सराव टाळला आणि पहिल्याच वळणावर उलटलो. पाणी छातीएवढेच होते, म्हणून घाईने उभा राहिलो, तोच पाय दोन दगडांच्या फटीत गेला आणि मागून येणाऱ्या पाण्याने मला पुढे वाकवले. काठावरच्या कातकरी मुलाने दोरी टाकली नसती तर हा लेख लिहिणारा दुसरा कोणी असता. यातून शिकण्यासारखे असे की, वाहत्या पाण्यात उलटल्यावर उभे राहू नये. पाठीवर तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पृष्ठभागाजवळ ठेवावेत, होडी धरून ठेवावी आणि तिरकस काठाकडे सरकावे. हे प्रत्येक पाहुण्याकडून सरावात एकदा करून घ्यावे.

प्रथमोपचार व इतर काळजी

- सर्पदंश झाल्यास चिरा देणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे टाळावे. अवयव स्थिर ठेवून रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. ती जवळच्या शासकीय रुग्णालयात आहे का, याची चौकशी हंगामापूर्वी करावी.
- आग्या मोहोळाखालून वाट नेऊ नये. अत्तर, धूर, मोठा आवाज टाळावा.
- बुडालेल्यास उलटे टांगणे किंवा पोट दाबणे चुकीचे आहे. श्वास थांबला असल्यास तोंडावाटे श्वास आणि छातीवर दाब, ३० दाबांमागे २ श्वास, हे लगेच सुरू करावे. याचे प्रशिक्षण घरातील दोघांनी तरी घ्यावे.
- अंगावर जखम असलेल्यास नदीत उतरवू नये. साचलेल्या, जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होते.
- मद्यपान केलेल्यास पैसे परत करावेत, पण पाण्यात सोडू नये.
- १०८ व ११२ हे क्रमांक फलकावर लिहावेत आणि काठावर मोबाइलला संपर्क मिळतो का ते पाहावे.

थोडक्यात

पहिल्या वर्षी चार कयाक, आठ-दहा पाहुणे आणि फक्त रविवार एवढ्यावर सुरुवात करावी. होड्या विकत घेण्याआधी भाड्याने आणून पाहाव्यात. वाटाडे, स्वयंपाक, विमा, साहित्याची झीज हे खर्च वहीत वेगळे लिहावेत, म्हणजे हंगामाअखेर धंदा परवडला की नाही ते स्पष्ट दिसेल. पाण्याचा वेग जास्त निघाला तर "आज नदी नाही" असे सांगण्याची तयारी ठेवावी आणि तसे आरक्षणाच्या वेळीच कळवावे. त्या दिवशी रानवाट आणि जेवण आहेच. एका रविवारचे उत्पन्न बुडाले तर पुढच्या रविवारी भरून निघते, बुडालेला पाहुणा परत येत नाही. हे लक्षात ठेवून जो शेतकरी नदीकडे पाहील, त्याच्या शिवाराला ही नदी भाताइतकीच साथ देईल.