चेन्नईच्या पावसाळ्यात स्पोर्ट्‌स कार
बर्फाच्या देशांत स्पोर्ट्‌स कार हिवाळाभर झाकून ठेवतात. चेन्नईत ती वेळ ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येते, कारण ईशान्य मोसमी पाऊस तेव्हाच कोसळतो. २०१५ चा डिसेंबर आणि २०२३ चे मिचौंग चक्रीवादळ यांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यामुळे २०२४ च्या ऑक्टोबरात लोकांनी आधीच वेळाचेरीच्या उड्डाणपुलावर गाड्या नेऊन लावल्या. म्हणजे पहिला प्रश्न जागेचा. जमिनीलगत बसणाऱ्या या गाडीला तळघर नकोच; उंचावरची, छपराखालची जागा शोधा.

मग दमट हवा. पेट्रोलमधले इथेनॉल ओलावा शोषते, म्हणून टाकी भरलेली असावी. हँडब्रेक ओढून ठेवला तर पॅड गंजून डिस्कला चिकटू शकतात. त्यापेक्षा चाकांना ठोकळे लावावेत. बॅटरीला मेंटेनर चार्जर जोडावा, आच्छादन मात्र हवा खेळणारे हवे.

तरीही पाणी शिरलेच, तर इंजिन अजिबात सुरू करू नका. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही. इंजिन संरक्षणाचे पूरक कवच पावसाआधीच घ्यावे.