खाऱ्या पाण्याची ओढ

लोणच्यासाठी चिरलेल्या कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं, की थोड्याच वेळात पातेल्याच्या तळाशी पाणी साचतं आणि फोडी आकसतात. भिजत घातलेला मनुका मात्र टम्म फुगतो. पाण्याला वाट देणारा, पण मीठ-साखरेला अडवणारा पडदा मध्ये असला, की पाणी दाट द्रावणाकडे ओढलं जातं. हेच परासरण.

या ओढीत जोर किती? नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं पाणी यांच्यामध्ये असा पडदा धरला, तर दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २७ पट भरतो. तेवढ्या दाबानं तत्त्वतः पाण्याचा २७० मीटर उंच स्तंभ पेलता येईल. नदी समुद्राला मिळते तिथे एवढा धबधबा रोज वाया जातो, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

तो टर्बाइनवर आणण्याची कल्पना सिडनी लोब यांनी १९७०च्या दशकात मांडली. आज आपल्या ओट्यावर दिसणारं ‘आरओ’, म्हणजे दाब देऊन उलटं फिरवलेलं परासरण, व्यवहारात उतरलं, तेही लोब आणि भारतीय शास्त्रज्ञ श्रीनिवास सौरिराजन यांनी कॅलिफोर्नियात घडवलेल्या पडद्यामुळे.

नोव्हेंबर २००९मध्ये नॉर्वेतल्या टोफ्टे इथे स्टॅटक्राफ्ट कंपनीनं असं पहिलं प्रायोगिक वीजकेंद्र सुरू केलं. पडदा तब्बल २,००० चौरस मीटरचा, वीज मात्र जेमतेम दोन-चार किलोवॅट, म्हणजे एक-दोन किटल्यांपुरती. दर चौरस मीटरला पाच वॅट हवे होते, तेवढे काही मिळेनात. २०१३च्या अखेरीस कंपनीनं हात आखडता घेतला.

घोडं अडलं ते पडद्याच्या अस्तरात. मीठ अडवणारा थर अतिशय पातळ असतो. त्याला आधार म्हणून खाली जाड, सच्छिद्र अस्तर लागतं. आरओमध्ये दाब सोसायला ते उपयोगी पडतं. इथे मात्र गोड्या पाण्यातलं आणि पलीकडून झिरपलेलं थोडंथोडं मीठ त्याच्या छिद्रांत साचतं. दोन्हीकडच्या खारटपणातला खरा फरक तिथेच मरतो. अस्तर पातळ करावं, तर दाबानं फाटतं. टोफ्टेनं ही अडचण प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या समुद्राच्या पाण्यावर दाखवून दिली. त्या केंद्राला नुसतं अपयशी म्हणणं मला पटत नाही.

जपानमधल्या फुकुओकानं ऑगस्ट २०२५मध्ये वेगळी वाट धरली. समुद्राचं पाणी गोडं करताना उरणारं अतिखारं पाणी एका बाजूला, प्रक्रिया केलेलं सांडपाणी दुसऱ्या बाजूला. खारटपणातला फरक वाढला, ओढही वाढली. वर्षाला सुमारे ८,८०,००० युनिट वीज अपेक्षित आहे आणि ती तिथल्याच गोड्या पाण्याच्या प्रकल्पाला मिळते.

हीच ओढ दाब देऊन उलटी फिरवली, तर द्रावकही वेगळे करता येतात. वंगणतेलातलं मेण काढायला टोल्युइनसारखे द्रावक मिसळतात. ते परत मिळवायचे, तर सगळं मिश्रण तापवून त्यांची वाफ करावी लागते आणि इंधन जळत राहतं. टेक्सासमधल्या बोमाँटच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात १९९८पासून त्यातला बराच द्रावक पडद्यातून, न उकळता, गाळून घेतला जाऊ लागला. आरओचा साधा पडदा अशा द्रावकांत टिकत नाही, म्हणून तिथे पॉलिइमाइडचा वापरला. त्यातून द्रावकाचे छोटे रेणू निसटतात, तेलाचे मोठे रेणू मागे राहतात, आणि गाळलेला थंड द्रावक थेट पुढच्या घाण्याला वापरता येतो.