अण्णा नाईकांवर हसावे की नाही?

वाड्याचा कर्ता पुरुष मरण पावतो, दूरदूरची मुले-सुना घरी जमतात आणि त्या दिवसापासून घरात अघटित घडू लागते. फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचा हा आरंभ. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात चित्रित झालेली, मालवणी बोलीत बोलणारी ही भयकथा गोव्यातही घरोघरी पाहिली गेली. २०१९ मध्ये तिचे दुसरे आणि २०२१ मध्ये तिसरे पर्व आले. मालिका संपली, तरी तिच्या चाहत्यांमधील एक वाद संपलेला नाही. अण्णा नाईक हा खलपुरुष इतका हसवतो कसा, आणि आपण त्याला हसतो म्हणजे नेमके काय करतो, हा तो वाद.

वाद कशाचा?

पहिल्या पर्वाच्या वेळी आक्षेप वेगळे होते. मालिकेमुळे अंधश्रद्धेला खतपाणी मिळते आणि कोकण म्हणजे भुताखेतांचा प्रदेश अशी बदनामी होते, असे म्हटले गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला होता. त्या घटनेला तीनही वर्षे झालेली नसताना दररोज रात्री घराघरांत भुताचा संशय पेरला जात असेल, तर अशी चिंता उमटणे स्वाभाविक होते. त्या पर्वात विज्ञाननिष्ठ सून नीलिमा होती, पोलीस तपासाचा धागाही होता. भय आणि विवेक यांची ओढाताण कथेतच होती.

दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला. पहिल्या पर्वाच्या प्रारंभीच मरण पावलेले अण्णा आता जिवंत, मिशीला पीळ देणारे, जमिनीवर आणि परस्त्रीवर सारखीच नजर ठेवणारे असे समोर आले. माधव अभ्यंकर यांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता यांच्यावर विनोदांचा पाऊस पडला. मोबाइलवरून फिरणाऱ्या चित्रांत आणि चुटक्यांत ही जोडी घराघरांत पोहोचली. इथेच चाहत्यांत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, माणसे लुबाडणाऱ्या, प्रसंगी जीव घेणाऱ्या आणि पत्नीचा पदोपदी अपमान करणाऱ्या पुरुषाला लाडका करून ठेवणे हे रुचीचे नव्हे तर नीतीचे घसरणे आहे. दुसरा तट म्हणतो, अण्णांचा शेवट काय झाला हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे. मग हसण्याने कोणाचे काय बिघडले?

हसू येते कोठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना भरताच्या नाट्यशास्त्राचा आधार घेता येतो. शृंगारापासून हास्य निर्माण होते आणि रौद्रापासून करुण, असे त्यात सांगितले आहे. पुढे अभिनवगुप्ताने अनौचित्य हे हास्याचे मूळ मानले. भावना जिथे शोभत नाही तिथे ती अवतरली की हसू येते. उतारवयाकडे झुकलेला, मुलाबाळांचा बाप असलेला, गावात दरारा असलेला पुरुष शेवंतेच्या दारात लाजतो, गोंधळतो, तेव्हा आपण हसतो ते या अनौचित्याला. यात पापाचे समर्थन नाही. उलट, ज्याच्यापुढे गाव थरथरते त्याचा तोरा क्षणभर उतरलेला पाहण्याचे समाधान त्यात आहे.

परंतु सूत्राचा दुसरा अर्धा भाग विसरता येत नाही. तेच अण्णा घरी परततात तेव्हा त्यांचा संताप समोर येतो आणि त्यातून उरते ती माईची करुण कहाणी. शकुंतला नरे यांनी साकारलेली माई घर सांभाळते, अपमान गिळते, मुलांना धरून राहते. एकाच माणसाच्या शृंगारातून हास्य आणि रौद्रातून करुण अशी मालिकेची वीण आहे. ती अखंड पाहिली तर हसणाऱ्या प्रेक्षकाला पुढच्याच प्रसंगात स्वतःच्या हसण्याचा संकोच वाटतो. मोबाइलवर फिरला तो मात्र पहिलाच तुकडा. अण्णा आणि शेवंता सर्वत्र पोहोचले, माई वाड्यातच राहिली. म्हणूनच दोन्ही तट पुष्कळदा एकाच मालिकेविषयी बोलत नसतात; एकाने वीण पाहिलेली असते, तर दुसऱ्याने तिच्यातून काढलेला धागा.

याच मालिकेत निर्मळ विनोदही आहे. प्रल्हाद कुडतरकर यांनी साकारलेला, सारखा विसरणारा भाबडा पांडू हे त्याचे उदाहरण. मालिकेचे मालवणी संवादही त्यांनीच लिहिले. पांडूच्या विनोदाची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागत नाही, म्हणून त्याच्याविषयी वादही होत नाही. अण्णांच्या विनोदाची किंमत मात्र कोणीतरी मोजत असते.

संकासुराचा दाखला

भय आणि हसू यांची सांगड या भूमीला नवी नाही. सिंधुदुर्गात आणि उत्तर गोव्यात जत्रेच्या रात्री रंगणाऱ्या दशावतारात संकासुर येतो. काळा वेश, लोंबणारी तांबडी जीभ असे त्याचे रूप. तो वेद चोरणारा असुर आहे, तरी प्रेक्षकांना सर्वाधिक हसवतो तोच. लहान मुले त्याला भितात आणि त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसतात. पण त्याला एक मर्यादा आहे. आख्यान सुरू होण्यापूर्वीच विष्णूच्या हातून त्याचा निकाल लागतो. हसू आणि शासन एकाच रात्रीत, एकाच रंगमंचावर पुरे होते.

दैनंदिन मालिकेला ही सोय नाही. दुसरे पर्व दीड वर्षाहून अधिक काळ चालले. इतका काळ शासन लांबणीवर पडले की खलनायक घरातलाच होऊन बसतो. प्रेक्षक रात्रीच्या जेवणाबरोबर त्याची वाट पाहू लागतात. तिसऱ्या पर्वात तर अण्णा आणि शेवंता भुते होऊन परतले, म्हणजे मरणानेही हिशेब मिटला नाही. चाहत्यांची अस्वस्थता इथून येते. विनोद वाजवीपेक्षा जास्त झाला म्हणून नव्हे, तर न्याय फार उशिरा आला म्हणून.

बोलीचा आणि भुताचा प्रश्न

गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट खटकते. १९८० मध्ये रंगमंचावर आलेल्या गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने मच्छिंद्र कांबळी यांच्या तोंडून मालवणीला मानाचे स्थान मिळवून दिले. मात्र तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या कानाला ही बोली ऐकताच हसण्याची सवय लागली. परिणामी अण्णांची धमकीही तिकडे गंमत ठरते. ज्यांच्या घरात ही बोली किंवा तिची सख्खी शेजारीण कोकणी बोलली जाते, त्यांना त्या धमकीतील धार कळते. तोच संवाद एकाला हसवतो आणि दुसऱ्याला घरातील एखाद्या वडीलधाऱ्याची आठवण करून देतो.

भुताचेही तसेच. इथल्या लोकश्रद्धेत देवचार हा गावची वेस राखणारा आहे, आमोण्यासारख्या गावी वेताळ हे पूज्य दैवत आहे. त्यांचा धाक असतो, पण तो मर्यादेचा धाक असतो. सीमा ओलांडू नये, दुसऱ्याचे हिरावू नये, दिलेला शब्द मोडू नये. दूरचित्रवाणीवरील भूत बहुधा केवळ दचकवते आणि राखणदार मागे पडतो. जमिनीची हाव धरणाऱ्या अण्णांच्या कथेत मात्र, नकळत का होईना, जुना अर्थ टिकून आहे. या वाड्यात जे वावरते ते मुख्यतः हिरावलेल्या गोष्टींचे देणे आहे.

म्हणून अण्णांवर हसणे हा अपराध नाही. संकासुराला हसत आलेल्या समाजाला ते शिकवण्याची गरजही नाही. चुटका पुढे पाठवताना त्या प्रसंगानंतर माईच्या वाट्याला काय आले, एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे. हा वाद चालू ठेवणारे चाहते तिची आठवण जागी ठेवत आहेत, आणि मालिकेवर त्यांचे खरे प्रेम आहे हे त्यावरूनच दिसते.