वजन उतरवणाऱ्या वनस्पती आणि उत्तेजके

वजन कमी करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य गोळ्या, कॅप्सूल, चूर्णे आणि चहा यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. काही शरीराला उत्तेजना देऊन भूक मारतात आणि ऊर्जेचा खर्च थोडा वाढवतात. काहींमुळे चरबी तयार होण्याची प्रक्रियाच अडते, असे सांगितले जाते. उरलेली नुसते पोट साफ करतात. पहिल्या गटाचा इतिहास सर्वांत बारकाईने नोंदला गेला आहे, कारण त्यात माणसे दगावली.

या गटातली मुख्य वनस्पती एफेड्रा. पाने जवळजवळ नसलेले, हिरव्या काड्यांचे हे झुडूप कोरड्या, थंड प्रदेशात वाढते. हिमालयात तिच्या एका जातीला सोमलता म्हणतात, तर चीनमध्ये तिचे नाव माहुआंग. चिनी वैद्यकात ती दमा आणि सर्दी-तापावर, काढ्यातून आणि थोड्या दिवसांपुरती दिली जात आली. जपानी शास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये तिच्यातले एफेड्रिन वेगळे काढले. पुढे १९२०च्या दशकात पेकिंगमधील संशोधनानंतर एफेड्रिन जगभर दम्याचे औषध म्हणून वापरात आले.

एफेड्रिन शरीरात नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडायला लावते आणि ते नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ज्या ग्राहींवर काम करते, त्यांना स्वतःही चेतवते. त्यामुळे श्वासनलिका मोकळ्या होतात, पण त्याचबरोबर नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, झोप उडते आणि भूक मंदावते. शरीर थोडी जास्त उष्णताही तयार करते. कॅफीनची जोड मिळाली की हा परिणाम वाढतो आणि लांबतो.

ही जोडी वजनाच्या कामी येते, हे डेन्मार्कमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अपघाताने लक्षात आले. एका डॉक्टरने दम्यासाठी दिलेल्या मिश्रणात एफेड्रिन आणि कॅफीन होते आणि ते घेणाऱ्या रुग्णाचे वजन उतरू लागले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिश चाचणीत २४ आठवडे आहार-नियंत्रणासोबत ही जोडी घेणाऱ्यांचे वजन सरासरी १६.६ किलोने घटले. तोच आहार आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे वजन घटले १३.२ किलोने. गोळीचा वाटा साडेतीन किलोच्या आतला. बाकी सारे काम आहाराने केले होते. हा हिशेब जाहिरातींत कधीच मांडला जात नाही, म्हणून तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

डेन्मार्कमध्ये ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळत असे. अमेरिकेत मात्र १९९४ मध्ये आहारपूरकांसाठी वेगळा कायदा झाला आणि वनौषधी पूरके औषधांच्या चौकटीबाहेर गेली. औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित आणि उपयुक्त असल्याचे कंपनीला सिद्ध करावे लागते. पूरकाच्या बाबतीत ही जबाबदारी उलटली. माल आधी विकायचा, आणि तो घातक असल्याचे सरकारने नंतर सिद्ध करायचे. या विषयातले बहुतेक अनर्थ इथूनच सुरू होतात. एफेड्राचा अर्क कॅफीनयुक्त ग्वारानाच्या बियांसोबत ‘नैसर्गिक’ म्हणून किराणा दुकानांपासून पेट्रोल पंपांपर्यंत विकला जाऊ लागला.

आकडीचे झटके, पक्षाघात, हृदयविकाराचे झटके यांच्या तक्रारी येऊ लागल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये एफेड्रातल्या उत्तेजकांसाठी एका वेळी ८ मिलिग्रॅमपेक्षा कमी आणि दिवसभरात २४ मिलिग्रॅमपेक्षा कमी अशी मर्यादा सुचवली. पुरावा अपुरा असल्याची टीका झाल्यावर २००० मध्ये या मर्यादा मागे घ्याव्या लागल्या. त्याच वर्षी एफेड्राच्या वीस उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. निम्म्या उत्पादनांत लेबलवरचा आकडा आणि प्रत्यक्ष मात्रा यांत वीस टक्क्यांहून अधिक तफावत होती. म्हणजे लेबल काळजीपूर्वक वाचणाऱ्यालाही आपण किती औषध घेतो आहोत, हे कळण्याचा मार्ग नव्हता.

फेब्रुवारी २००३ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा २३ वर्षांचा गोलंदाज स्टीव्ह बेकलर फ्लोरिडातील सराव शिबिरात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच्या शरीराचे तापमान १०८ अंश फॅरनहाइटपर्यंत चढले होते. उकाड्याचा दिवस, वाढलेले वजन, पूर्वीपासूनचा रक्तदाबाचा त्रास, पोटात पुरेसे अन्न नाही आणि त्यात एफेड्राच्या गोळ्या, असा तो योग होता. या गोळ्यांचा मृत्यूला हातभार लागल्याचे शवचिकित्सकाने सांगितले. धडधाकट दिसणाऱ्या तरुणाच्या बाबतीतही धोका कसा साचतो, हे यावरून दिसते. उत्तेजक उष्णता वाढवते आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करून ती बाहेर पडू देत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला. निष्क्रिय गोळीच्या तुलनेत एफेड्रा किंवा एफेड्रिनमुळे महिन्याला सुमारे ०.९ किलो जास्त वजन घटते, तेही थोड्याच महिन्यांपुरते, असे त्यात दिसले. आणि छातीत धडधड, मानसिक व पचनाच्या तक्रारी यांची शक्यता दोन ते साडेतीन पटींनी वाढते, असेही. अखेर अमेरिकेत एफेड्रा असलेल्या पूरकांवर बंदी आली आणि ती एप्रिल २००४ मध्ये लागू झाली. गंभीर दुष्परिणामांची तक्रार सरकारला कळवणे पूरक कंपन्यांवर बंधनकारक करणारा कायदा त्यानंतर, २००६ मध्ये झाला.

बंदी आल्यावर एफेड्राच्या जागी कडू संत्र्याच्या सालीतले सिनेफ्रिन आले, योहिम्बेची साल आली, आणि सगळ्यांबरोबर कॅफीन होतेच. व्यायामशाळांत ‘फॅट बर्नर’ म्हणून मिळणाऱ्या डब्यांवर ग्वाराना, कोला नट, येर्बा माते, ग्रीन टी अशी चार नावे असली तरी त्यांतले मुख्य उत्तेजक एकच, कॅफीन. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मते निरोगी प्रौढाने एका वेळी २०० आणि दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घ्यायला हरकत नाही. गरोदरपणात दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅम. दिवसभरातला चहा-कॉफी आणि व्यायामापूर्वीचे पेय यांची बेरीज केली, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

दुसऱ्या गटातले प्रसिद्ध नाव गार्सिनिया. केरळात माशाच्या कालवणात पडणारी कुडमपुळी आणि कोकणातला कोकम ही एकाच कुळातली भावंडे. दोन्हींच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. पिष्टमय पदार्थांपासून चरबी बनवणाऱ्या एका विकराला ते अडवते. प्रयोगशाळेत हे खरे ठरले, माणसांत ठरले नाही. न्यूयॉर्कमध्ये १३५ जणांवर १२ आठवडे झालेली चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने घटले आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोने. गार्सिनियाच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. आमटीतली चार आमसुले किंवा वाटीभर सोलकढी यांचा या भीतीशी संबंध नाही. प्रश्न आहे तो अर्क आटवून रोज, महिनोन् महिने घेण्याचा. ग्रीन टीचेही तसेच. कपातला चहा निर्धोक आहे, पण त्याच्या अर्कातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी हे त्यातले द्रव्य पोटात गेल्यास यकृताची विकरे वाढू शकतात, असा इशारा युरोपीय प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिला.

तिसऱ्या गटाचा आधार बहुधा सोनामुखी. ‘स्लिमिंग टी’च्या अनेक पुड्यांत तिची पाने असतात. सोनामुखी मोठ्या आतड्यावर काम करते, तर अन्नातली ऊर्जा त्याआधीच लहान आतड्यात शोषली गेलेली असते. त्यामुळे जुलाबानंतर काट्यावर जो किलोभर फरक दिसतो, तो पाण्याचा. चरबी जागच्या जागी राहते. रोजच्या जुलाबांनी पोटॅशियम मात्र घटते आणि हृदयाची लय बिघडू शकते.

वनस्पतीची ओळखच चुकली तर काय होते, हे ब्रसेल्समध्ये दिसले. तेथील एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी वनौषधींच्या कॅप्सूल दिल्या जात. त्यांत ‘फांग जी’ म्हणून स्टेफानिया घालायची होती. चिनी नावे जवळजवळ सारखी असल्याने तिच्याऐवजी ॲरिस्टोलोकिया आली. तिच्यातल्या आम्लाने शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडे खराब झाली. अनेकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण करावे लागले आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. या स्त्रियांनी स्वतःहून काही शोधून घेतले नव्हते, त्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या.

भेसळ जाणूनबुजूनही होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात ज्या ७७६ पूरकांत छुपी औषधे सापडल्याचे जाहीर केले, त्यांपैकी ३१७ वजन घटवण्याची होती. आणि त्यांतल्या २६९ मध्ये सिब्युट्रामिन होते. हे कृत्रिम औषध हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवते, असे मोठ्या चाचणीत दिसल्यावर २०१० मध्ये अमेरिका-युरोपातून मागे घेतले गेले. भारतात त्यावर फेब्रुवारी २०११ पासून बंदी आहे. एखादी ‘शुद्ध वनौषधी’ चारच दिवसांत भूक पार घालवत असेल, तर हा संशय आधी घ्यायला हवा.

भारतात लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात करायला १९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मनाई आहे. तरी भिंतींवर, केबलवर आणि मोबाइलवर अशा जाहिराती दिसतात. उच्च रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइडचा त्रास, चिंताविकार असणाऱ्यांनी, गरोदर आणि स्तनदा स्त्रियांनी आणि नैराश्यावरची औषधे घेणाऱ्यांनी उत्तेजक पूरकांपासून लांबच राहावे. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर चालू असलेल्या प्रत्येक पूरकाची माहिती भूलतज्ज्ञाला आधीच द्यावी. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, छातीत दुखणे किंवा ठोके चुकणे यांपैकी काही जाणवल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि डबी सोबत न्यावी. नुसते ‘आयुर्वेदिक घेत होतो’ एवढे सांगून उपचार करणाऱ्याला काही कळत नाही. अशा दुष्परिणामांची नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही स्वतः करता येते.